झोपायला हरकत नाही

या व्यवहारात साडेसात मिस्त्रीला मिळायचं होतं ते असं: पत्र्याची एक शेड, दोन गाड्या मागेपुढे उभ्या राहतील एवढी, तिच्यातलं लांबलचक टेबल आणि त्याला बसवलेला पकडीचा शेगडा, वायरीच्या टोकाला तांब्याचे लग दाबायची दोन यंत्रं, छत्तीस खणांचं कपाट, आणि शटरवर रंगवलेला फोन नंबर. यात नंबर सगळ्यात मोलाचा. गाडीतच घर थाटून फिरणाऱ्या लोकांना तो तोंडपाठ असायचा. द्यायचं होतं ते त्या मानानं चिल्लर. एका घरगाडीचं उरलेलं वायरिंग, म्हणजे छपरावर दोन सोलर पॅनेल, पलंगाखाली बॅटरी, मधे कंट्रोलर आणि जागच्या जागी फ्यूज. आठवडाभराचं काम. असा सौदा माणसाकडे एकदाच चालून येतो, आणि तो यावा म्हणून कुणाला तरी मरावं लागतं. इथे शेडचे मालक, मास्तर, मेले होते.

साडेसातचं खरं नाव त्याच्या बायकोला आणि बँकेला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना साडेसात. कारण एवढंच की कुठलीही गाडी आली की हा विचारायच्या आत साडेसात अँपियरचा फ्यूज काढून तयार. "कशाला जास्त? उडाला तर बदलता येतो, गाडी बदलता येत नाही." गिऱ्हाइकं वैतागायची, त्याला साडेसाती म्हणायची, पण झोपायची निवांत. वीस वर्षं मास्तरांच्या हाताखाली काढून हा एक गुण त्यानं पक्का उचलला होता. माणसाचा एखादा गुण जगाला पाठ झाला, की मग बाकीचं कुणी तपासत नाही. ही सोय त्याला एकदा फार उपयोगी पडली होती. ते पुढे येईलच.

मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या केल्या आणि शेवटी स्वतःची करायला घेतली. बायकोला, म्हणजे काकूंना, घेऊन फिरायचं म्हणत होते. छाती साथ देईना, म्हणून काम रेंगाळलं, आणि पॅनेल चढायच्या आधी मास्तर गेले. दरम्यान मुलगी आणि जावई वरच्या मजल्यावर राहायला आले होते. वर राहायला आलेली माणसं हळूहळू खाली उतरतातच. आधी त्यांचं कपाट खाली आलं, मग टीव्ही, मग जावईबापू स्वतः, मास्तरांच्या खुर्चीत. काकूंनी भांडण काढलं नाही. त्या म्हणाल्या, "घर तुम्ही घ्या. मला माझी गाडी पुरी करून द्या, मी तिच्यात राहीन."

"आणि शेड?" जावईबापूंनी विचारलं. टाइल्सचा एक व्यापारी गोदामासाठी मागे लागला होता, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही, नंतर सांगितलं.

"शेड त्याची, जो गाडी पुरी करील."

जावईबापूंनी त्याला पाचर मारली. महिनाअखेरच्या शनिवारी दुपारी चाचणी. गाडी पास झाली तर शेड मिस्त्रींची, कागद करू. नाही झाली तर टाइल्सवाल्याची. "व्यवहार म्हणजे व्यवहार, काय मिस्त्री?" साडेसातनं मान डोलावली. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. एक गोष्ट सोडून, आणि ती फळ्यांच्या मागे होती.

गोष्ट अशी. मास्तर इस्पितळात होते तेव्हा गाडीच्या डाव्या भिंतीतून एक लाइन टाकायची होती. फ्रिज, पंप, पंखा, दिवे, सगळं तिच्यावर. त्यासाठी मास्तरांनी सहाची, म्हणजे चांगली जाड, लाल वायर आणून ठेवली होती. त्याच आठवड्यात साडेसातनं शेडबाहेरचं एक खाजगी काम धरलं. घाईचं गिऱ्हाईक होतं, आणि वायर कमी पडली म्हणून त्यानं ती लाल गुंडाळी उचलली. नवीन आणून ठेवू, असं मनात होतं. मनात पुष्कळ काही असतं. दुसऱ्या दिवशी सुतार ठरल्यापेक्षा लवकर आला, फळ्या आणि सरस घेऊन उभाच राहिला. खणात होती ती दीडची, बारकी वायर. साडेसातनं तीच भिंतीत सोडली, वर फोम भरला, आणि सुतारानं फळ्या चिकटवून टाकल्या.

आता दीडच्या वायरीला फोममागे बारा-तेरा अँपियर झेपावेत, आणि सगळं एकदम चाललं की लाइन अठरा ओढणार. साडेसातचा फ्यूज बसवला तर फ्रिज सुरू होताच उडणार. दहाचा बसवला तर पंपाबरोबर. शेवटी त्यानं तीसचा बसवला, हिरवा. तो काही केल्या उडणार नव्हता. मास्तर म्हणायचे, फ्यूज वस्तूसाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर जळायच्या आधी त्यानं मरायचं असतं. हा हिरवा वायरीच्या आधी मरणारा नव्हता.

मास्तर घरी आले, धापा टाकत गाडीत चढले, नव्या भिंतीवर तळवा ठेवून उभे राहिले.

"सहाचीच ना रे?"

"सहाचीच."

मास्तरांनी मान हलवली. मग अकरा दिवस स्टुलावर बसून ती भिंत पॉलिशपेपरनं घासली आणि तेलपाणी केलं. एक फळी झाली की दम घ्यायचे, मग दुसरी. बाराव्या दिवशी गेले.

सोमवारी साडेसातनं काम सुरू केलं. पॅनेल छपरावर बसवून त्यांवर जाड ताडपत्री टाकली, कारण उघड्या पॅनेलला सुट्टी नसते, ऊन दिसलं की ते वीज काढतंच. वायरी छपरातून खाली उतरवल्या, भोकं गच्च बुजवली. बॅटरीपासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूजचा होल्डर बसवला. वीत मास्तरांची धरायची, हा शेडचा नियम. त्यांचा पंजा लहान होता. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडली, मग पॅनेल, मग ताडपत्री ओढून काढली. कंट्रोलरवर आकडे चढले. हात कसा सफाईनं चालत होता. डाव्या भिंतीकडे तो पाठ करून बसे, एवढंच.

मंगळवारी दुपारी जेवून आला, तर फ्यूजच्या डब्यावर हिरवा फ्यूज काढून ठेवलेला. बाकीचे जागेवर. हा तेवढा बाहेर, झाकणाच्या बरोबर मधोमध, कुणी देवाणघेवाणीसाठी पुढे करावा तसा.

त्याला जावईबापूंचा संशय आला. शनिवार बिघडला तर फायदा कुणाचा, हे सांगायला जोतिषी नको होता. तो तडक घरात गेला.

"जावईबापू, गाडीत हात घातलात का?"

"मी? अहो मिस्त्री, मला बल्ब बदलता येत नाही. हिला विचारा. परवा फॅनचं बटण दाबलं तर मिक्सर सुरू झाला."

"तो मिक्सरच होता हो," आतून मुलीचा आवाज आला. "ह्यांनी फॅन समजून दाबला."

खरं बोलणारा माणूस इतका बावळट दिसतो की त्याच्यावर विश्वास ठेवावाच लागतो. साडेसात परत आला, हिरवा फ्यूज दाबून बसवला.

बुधवारी दुपारी पुन्हा बाहेर. त्याच जागी. त्यानं पुन्हा बसवला. संध्याकाळी काकू चहा घेऊन आल्या, कप टेबलावर ठेवून गाडीकडे बघत राहिल्या.

"काम कसं चाललंय?"

"झकास."

"काही सांगायचंय का?"

"नाही हो काकू. का?"

"काही नाही." त्यांनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. "ही गाडीची दुसरी किल्ली. तुझ्याचकडे राहू दे. माझं काही काम नाही आता तिथे."

गुरुवारी जेवायला जाताना त्यानं गाडीला कुलूप लावलं. दोन्ही किल्ल्या खिशात. जेवताना तो त्या खिशातल्या खिशात वाजवत राहिला, बायको म्हणाली, "घंटा बांधून घ्या गळ्यात." परत येऊन कुलूप उघडलं, तर ऊन खिडकीतून सरळ फ्यूजच्या डब्यावर पडलेलं आणि त्या उन्हात हिरवा फ्यूज, झाकणाच्या मधोमध. दोन्ही पाती पुसून चकचकीत केलेली. मास्तर तशी पुसायचे, शर्टाच्या खालच्या टोकानं.

साडेसात माणूस व्यवहारी. भूतबीत त्याच्या खतावणीत बसत नव्हतं. त्यानं मोबाइलवर फोटो काढला, खिडक्यांच्या कड्या तपासल्या, छपराची खिडकी आतून बंद आहे हे पाहिलं, आणि मग खाली बसला. बसल्यावर हात आधारासाठी मागे गेला आणि डाव्या भिंतीला टेकला.

भिंत कोमट होती.

सगळी नव्हे. तळव्याएवढी जागा. त्यानं हात झटकला. मग वायरमनचं डोकं चालायला लागलं: वायर तापतेय, दुसरं काय? पण ती तापायला तिच्यातून काही वाहायला हवं, आणि हिरवा फ्यूज तर झाकणावर पडलेला. त्यानं मुख्य फ्यूजही काढला. बॅटरीची दोन्ही टोकं सोडली. ताडपत्री छपरावर ओढली. आता गाडीत वीज म्हणावी अशी काहीही नव्हती. तास थांबला. मग तापमान मोजायची पिस्तुलासारखी बंदूक आणली. भिंत वरून खालपर्यंत एकोणतीस. ती जागा सदतीस.

एकोणतीस, एकोणतीस, सदतीस, एकोणतीस. बंदूक बिघडली असावी म्हणून त्यानं ती स्वतःच्या तळव्यावर धरली. तिथेही जवळपास तेवढेच.

शुक्रवारी तो गाडीत फारसा गेलाच नाही. जरुरीपुरता गेला, हिरवा फ्यूज बाहेर पाहिला, डोळे बारीक करून बसवला, आणि बाहेर येऊन छत्तीस खणांचं कपाट आवरत बसला. प्रत्येक खणावर मास्तरांच्या अक्षरात आकडा होता: दीड, अडीच, चार, सहा. सहाच्या खणापाशी आल्यावर त्यानं कपाटाची खालची रांग आवरायला घेतली.

शनिवारचं त्याला भय नव्हतं, हे इथे नमूद केलं पाहिजे. शनिवार तो पार पाडणार होता. अर्धा तास अठरा अँपियर ओढून दीडची वायर पेटत नाही. नुसती गरम होते. भिंतीतला फोम ती ऊब धरून ठेवतो, वरचं कवच आज थोडं मऊ होतं, महिन्यानं आणखी थोडं. उन्हाळ्यात फ्रिज दिवसरात्र चालेल, पंखा चालेल, आणि कधीतरी, दोन महिन्यांनी म्हणा, दोन वर्षांनी म्हणा, काकू डाव्या कुशीवर भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या असतील. तोवर शेडवर त्याचं नाव रंगून वाळलेलं असेल. सांगायचं म्हटलं तर फळ्या उखडाव्या लागणार. सरसानं चिकटलेल्या, धड निघणार नाहीत. शनिवार हुकणार. शेड गेली. आणि मास्तरांच्या माणसानं मास्तरांच्याच गाडीत काय केलं हे सगळ्या गावाला कळणार. एका बाजूला हे सगळं आणि दुसऱ्या बाजूला एक "कदाचित". माणूस कुठली बाजू उचलतो हे सांगायला नको.

शनिवारी बाराला सगळे जमले. जावईबापू कागद घेऊन आले होते, टाइल्सवाल्याचा फोन मधूनमधून घेत होते. मास्तरांच्या शेडचा एक रिवाज होता आणि तो कधी चुकला नव्हता. गाडी पहिल्यांदा चालू करताना वायरमननं आत पलंगावर बसायचं, दार बंद. मुख्य फ्यूज पलंगाखालच्या, बाहेरून उघडणाऱ्या खणातून मालकानं स्वतःच्या हातानं लावायचा. आत सगळं एकदम चालू. अर्ध्या तासानं मालक बाहेरून विचारणार, "कसं आहे आत?" आणि वायरमननं सांगायचं, "झोपायला हरकत नाही." हे तीन शब्द म्हणजे शेडचा शिक्का. ते ऐकल्याशिवाय मास्तर पैसे घेत नसत आणि गाडी सोडत नसत.

"हे काय बालिश," जावईबापू म्हणाले. "मीटर लावून बघा की."

"मीटर झोपत नाही गाडीत," काकू म्हणाल्या आणि पदर खोचून फ्यूज हातात घेतला.

साडेसात आत जाऊन बसला. हिरवा फ्यूज झाकणावर होता. त्यानं तो लावला. दार बंद झालं. बाहेर टक् आवाज आला आणि गाडी जिवंत झाली: फ्रिज घुमायला लागला, पंखा फिरला, पंपानं नळातून पाणी फेकलं, दिवे लागले, भर दुपारी निरर्थक. कंट्रोलर सांगत होता की छपरावरून आठ येताहेत. क्लॅम्प मीटर सांगत होता की डाव्या लाइनीत अठरा जाताहेत. सगळं ठरल्यासारखं.

पलंग अरुंद होता. पाठ टेकायला डावी भिंतच होती. तो पुढे वाकून बसला. दहा मिनिटं. मग कंबर बोलायला लागली आणि तो मागे टेकला.

त्याच्या दोन खवाट्यांच्या मधे कुणीतरी तळवा ठेवला.

ढकलला नाही, दाबला नाही. कामावरच्या माणसाच्या पाठीवर मागून जाताना ठेवतात तसा. लहान पंजा. साडेसात हलला नाही. हलता आलं असतं, पण हलला नाही. पंखा फिरत होता आणि वारा लागत नव्हता. फ्रिजच्या घुमण्याखाली आणखी एक आवाज होता, आत जाताना अडकणारा, बाहेर येताना शीळ घालणारा. अकरा दिवस तो आवाज त्यानं याच गाडीत, याच भिंतीपाशी ऐकला होता.

अर्धा तास झाला.

"कसं आहे आत?" बाहेरून काकूंचा आवाज.

त्यानं तोंड उघडलं. तीन शब्द. वीस वर्षांत शेकडो वेळा म्हटलेले, झोपेतही आले असते. जीभ वर उचलली आणि तिथेच राहिली.

"अहो मिस्त्री," जावईबापू ओरडले, "झोपलात की काय?"

आणि मग अगदी कानाशी, धाप सावरत, न रागावता:

"सहाचीच ना रे?"

"दीडची," साडेसात म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, बाहेर ऐकू जाईल इतकं. "दीडची आहे, काकू! फ्यूज काढा! डाव्या भिंतीत दीडची टाकलीय मी!"

टक् झालं. पंखा मंदावत थांबला. पाठीवरचा हात निघाला.

दार उघडलं तेव्हा काकू पायरीशी उभ्या होत्या, मुख्य फ्यूज मुठीत. जावईबापूंनी अर्धं ऐकलं होतं, पण त्यांना हवं ते अर्धं ऐकलं होतं. त्यांनी फोन कानाला लावला आणि हिशेबानं दोन पावलं बाजूला गेले.

साडेसातनं सगळं सांगितलं. गुंडाळी, गिऱ्हाईक, सुतार, हिरवा. शेवटी म्हणाला, "तुम्हाला नवल वाटलेलं दिसत नाही."

"त्यांनी सांगितलं होतं. डब्यात हिरवा दिसला तेव्हाच कळलं त्यांना. म्हणाले, विचारलं तर खोटं बोलला. पुन्हा विचारलं तर पुन्हा बोलेल. तो हिरवा काढून त्याच्यासमोर ठेवत जा, त्याचं त्याला सांगू दे."

"म्हणजे रोज तुम्हीच—"

"मंगळवारी ठेवला, बुधवारी ठेवला. विचारलंसुद्धा तुला, काही सांगायचंय का म्हणून. मग किल्ली दिली टाकून. म्हटलं, दोनदा पुरे."

"आणि गुरुवारी? काल? आज?"

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून आत, भिंतीकडे. "किल्ल्या तर तुझ्याकडेच होत्या ना?" त्या म्हणाल्या, आणि पायरीवर बसल्या.

साडेसातनं विचारलं, "मी आतून हरकत नाही म्हणालो असतो तर?"

"तर झोपले असते."

रविवारी त्यानं भिंत उघडली. पटाशीनं, हलक्या हातानं, सरस गरम करून, जेवढं जपता येईल तेवढं जपून. तरी फळ्या चिरफळ्या होऊनच निघाल्या. तेलपाण्याचा चकाकता भाग एकीकडे, कच्चा लाकडी भाग दुसरीकडे. मागे दीडची वायर होती, कोरी करकरीत. कुठे करपलेली नाही, कुठे मऊ पडलेली नाही. गुंडाळीतून आताच काढल्यासारखी थंड.

सहाची वायर त्यानं स्वतःच्या पैशानं आणली आणि गाडी गल्लीत उभी करून भरली, कारण शेडमध्ये टाइल्सची खोकी उतरत होती. दुसरी चाचणी उघड्यावर झाली. तो आत बसला, काकूंनी फ्यूज लावला, अर्ध्या तासानं विचारलं, त्यानं तीन शब्द सांगितले. पाठ त्यानं मुद्दाम, पहिल्या मिनिटापासून, उघड्या भिंतीला टेकवून ठेवली होती. काही लागलं नाही. फोम तेवढा टोचला.

आता कुणी काय भरलं ते. ज्या गिऱ्हाइकाच्या गाडीत लाल सहाची वायर गेली, त्यानं काही भरलं नाही. त्याला माहीतही नाही आणि तो छान झोपतो. जावईबापूंनी काही भरलं नाही, उलट त्यांना भाडं सुरू झालं. साडेसातनं शेड भरली, नंबर भरला, आणि नाव. हल्ली तो दुसऱ्यांच्या गॅरेजात रोजावर जातो आणि त्याला कुणी साडेसात म्हणत नाही. मास्तरांनी वीस वर्षांचा विश्वास भरला, आणि तो बुडाल्यावरही आठवडाभर उभे राहिले. बाकी काकूंनी. त्या तीन आठवडे उशिरा निघाल्या, भर उन्हाळ्यात, डावी भिंत उघडी टाकून, फोमवर चिकटपट्ट्या मारून. नवऱ्यानं शेवटचा श्वास मोजून मोजून वापरत त्यांच्यासाठी घासलेल्या अकरा दिवसांच्या फळ्या गल्लीच्या टोकाला कचऱ्यात गेल्या. त्यांच्या नावावर मुळात काही देणंच नव्हतं.